अठ्ठावीस कप्प्यांचं जाकीट : ‘मेन्स रिया’चं एक प्रकरण

विमान झुरिकहून २७ नोव्हेंबर १९६२ ला निघालं होतं आणि जायचं होतं मनिलाला. दुसऱ्या दिवशी ते मुंबईत सांताक्रूझला उतरलं, तेव्हा एक जर्मन प्रवासी जागेवरून उठलासुद्धा नाही. त्याचं मुंबईत काही काम नव्हतं. कस्टम्सवाल्यांचं मात्र त्याच्याकडे होतं. त्यांनी आधी विमानाचं मॅनिफेस्ट, म्हणजे कोणता माल कुठून कुठे चाललाय याची यादी चाळली. सोन्याची नोंद कुठेच नव्हती. मग ते विमानात चढले आणि त्या प्रवाशाला सरळ विचारलं, जवळ सोनं आहे का? त्याने खांदे उडवले. कसलं सोनं? अधिकाऱ्याने त्याच्या पाठीवरून, खांद्यावरून हात फिरवला, तर हाताला धातूचे ठोकळे लागले.

खाली उतरवून झडती घेतली. जाकिटाला आतून मुद्दाम शिवून घेतलेले २८ कप्पे होते. त्यातले ९ रिकामे, आणि उरलेल्या १९ कप्प्यांत मिळून ३४ लगडी, प्रत्येक साधारण एक किलोची. चौतीस किलो! सिमेंटचं गोणं पन्नास किलोचं असतं. त्याचा दोन तृतीयांश भार अंगावर चढवून हा माणूस रात्रभर विमानात बसला होता, आणि वर ‘कसलं सोनं’ म्हणत होता.

या प्रकरणाचं कागदोपत्री नाव ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज’. लॉ कॉलेजच्या कट्ट्यावर ते ‘जॉर्जची केस’ एवढंच. पहिल्या वर्षाला ती शिकवताना मी फळ्यावर दोनच शब्द लिहितो : मेन्स रिया, म्हणजे दोषी मन. एखाद्या वहीत त्याचं ‘मेन्स एरिया’ होतं. दरवर्षी होतं, आणि दरवर्षी वर्ग हसतो. हसून झालं की प्रश्न टाकतो. ज्याच्या जाकिटात चौतीस किलो सोनं सापडलं, त्याच्या मनात गुन्हा होता की नव्हता? ‘होताच की’ असं सगळे एका सुरात म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडलं होतं.

आधी शब्दाचं गोत्र

‘मेन्स’ म्हणजे मन. हा लॅटिन शब्द आपल्याला वाटतो तितका परका नाही. संस्कृतातली ‘मति’ आणि हा ‘मेन्स’ एकाच मुळातून आले आहेत, म्हणजे ‘सुमती’, ‘दुर्मती’ म्हणताना आपण त्याचाच चुलत भाऊ वापरत असतो. ‘मेन्स’ स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं विशेषणही स्त्रीलिंगी : ‘रेआ’, इंग्रजी वळणाने ‘रिया’. पुल्लिंगी रूप ‘रेउस’.

या ‘रेउस’चा प्रवास जास्त गमतीचा आहे. तो निघाला ‘रेस’ या शब्दातून. रेस म्हणजे वस्तू, मालमत्ता, आणि त्यावरून ज्याबद्दल तंटा आहे ती बाब. ऋग्वेदात धनासाठी जो ‘रयि’ शब्द येतो, तो याच घरातला. ज्याची बाब कोर्टात उभी आहे, तो रेउस. रोमन वक्ता आणि वकील सिसेरो नोंदवून ठेवतो की जुन्या काळी खटल्यातल्या दोन्ही पक्षांना रेउस म्हणत. पुढे तो शब्द फक्त ज्याच्यावर आरोप आहे त्याला चिकटला, आणि शेवटी त्याचा अर्थच ‘दोषी’ होऊन बसला. यात नवल करण्यासारखं काही नाही. आपल्याकडेही ‘आरोपी’ म्हटलं की चहाच्या टपरीवर निकाल लागलेला असतो.

पण ‘दोषी मन’ ही जोडी मुळात कायद्याने लावलेलीच नाही, ती लावली एका धर्मोपदेशकाने. चौथ्या-पाचव्या शतकात आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचा बिशप असलेला ऑगस्टीन खोट्या शपथेवर प्रवचन देत होता. त्याचं उदाहरण मला आजही पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांपेक्षा सरस वाटतं. एका माणसाला वाटतंय की पाऊस पडलेला नाही. पण पडला असं सांगण्यात त्याचा फायदा आहे. म्हणून तो शपथेवर सांगतो, पाऊस पडला. आणि त्याला ठाऊक नसताना पाऊस खरोखरच पडून गेलेला असतो. बोलला ते खरंच निघालं, मग तो खोटारडा की नाही? ऑगस्टीन म्हणतो, खोटारडाच. जीभ दोषी ठरते ती मन दोषी असेल तरच. पोटात एक आणि ओठात एक असेल, तर ओठातलं योगायोगाने खरं निघाल्याने पोटातलं धुतलं जात नाही.

हे वाक्य इंग्लंडात पोचलं ते बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या ‘पहिल्या हेन्रीचे कायदे’ या नावाच्या संकलनात. तिथेही ते खोट्या शपथेच्या संदर्भातच आहे. पण नकलून घेताना त्यातली ‘जीभ’ गळाली, आणि जिभेबद्दलचं वाक्य सगळ्याच कृत्यांबद्दल असल्यासारखं वाचता येऊ लागलं. सतराव्या शतकात इंग्रज न्यायविद एडवर्ड कोकने ते आजच्या रूपात मांडलं : ‘आक्टुस नॉन फाचित रेउम निसि मेन्स सित रेआ’. मन दोषी असल्याशिवाय नुसतं कृत्य माणसाला दोषी करत नाही. कोकच्या ज्या ग्रंथात हे येतं, तो त्याच्या मृत्यूनंतर १६४४ साली छापला गेला. म्हणजे खोट्या शपथेवरच्या प्रवचनातून निघालेलं वाक्य बाराशे वर्षांनी फौजदारी कायद्याच्या चौकटीवर येऊन बसलं.

आपल्या दंड संहितेत, १८६० च्या जुन्या भारतीय दंड संहितेत किंवा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, ‘मेन्स रिया’ हे शब्द शोधून सापडणार नाहीत. जुन्या संहितेचा मसुदा करणाऱ्या मेकॉलेने मन प्रत्येक गुन्ह्याच्या व्याख्येतच कालवून टाकलं : ‘अप्रामाणिकपणे’, ‘कपटीपणाने’, ‘इच्छापूर्वक’, ‘माहीत असताना’. देवळाबाहेर चुकून दुसऱ्याची चप्पल घालून घरी आलात, तर ती चोरी नाही, कारण ‘अप्रामाणिकपणे’ हा घटकच तिथे नाही. भानगड होते ती दंड संहितेबाहेरच्या कायद्यांत. परकीय चलन, रेशन, भेसळ, परवाने यांच्या कलमांत मनाबद्दल अवाक्षर नसतं. तिथे मन गृहीत धरायचं की वगळायचं?

चार दिवसांचं अंतर

जॉर्जवर आरोप होता १९४७ च्या परकीय चलन नियमन कायद्याखाली, कलम ८ (१) आणि २३ (१-अ). रिझर्व्ह बँकेच्या परवानगीशिवाय भारतात सोनं आणायचं नाही. याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं होतं : विमानातून वा जहाजातून खाली न उतरवता पुढे न्यायचा माल असला, तरी भारतातल्या ठिकाणी तो आला म्हणजे ‘आणला’च. ‘मी तर खाली उतरलोच नव्हतो’ हा बचाव तिथेच संपला.

पण इथे एक फट होती. ऑगस्ट १९४८ मध्ये रिझर्व्ह बँकेने अधिसूचना काढून एक सर्वसाधारण परवानगी देऊन ठेवली होती : सोनं भारतातून नुसतं पुढे परदेशी चाललं असेल तर हरकत नाही. चौदा वर्षं ही सूट चालली. मग ८ नोव्हेंबर १९६२ ला बँकेने नवी अधिसूचना काढली. सूट राहिली, पण अटीवर. पुढे जाणारं सोनं विमानाच्या मॅनिफेस्टमध्ये तसं जाहीर केलेलं हवं. दिवस कुठले होते हेही ध्यानात ठेवायला हवं. चीनशी युद्ध चालू होतं, परकीय चलनाची चणचण होती आणि सोन्याच्या चोरट्या व्यापाराने सरकार बेजार होतं. दोनच महिन्यांत, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाईंचे सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि गावोगावच्या सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या.

ही अधिसूचना भारताच्या राजपत्रात प्रसिद्ध झाली २४ नोव्हेंबरला. जॉर्ज झुरिकहून निघाला २७ ला, मुंबईत पोचला २८ ला. हाच माणूस हेच जाकीट घालून आठवडाभर आधी आला असता, तर निदान या कलमाखाली त्याला कुणी हात लावू शकलं नसतं. दिल्लीत छापलेलं राजपत्र तीन दिवसांत झुरिकला कुणी वाचलं असेल, असं कुणीच म्हणत नव्हतं.

मुंबईच्या प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने त्याला एक वर्षाची सक्तमजुरी दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक तर, या गुन्ह्याला मेन्स रिया लागते आणि नवी बंदी त्याला माहीत असल्याचं दिसत नाही. दुसरं, मॅनिफेस्टची अट मालाला लागू, अंगावर नेलेल्या सोन्याला नाही. हा दुसरा मुद्दा मला कधीच पटला नाही. अंगावर लपवलं म्हणून जाहीर करायची गरज नाही असं मानलं, तर अट पाळतो तो मूर्ख आणि लपवतो तो शहाणा, असा तिचा अर्थ होईल. राज्य सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेलं.

तीन न्यायमूर्ती, दोन मतं

खंडपीठावर के. सुब्बाराव, एन. राजगोपाल अय्यंगार आणि आपले विदर्भाचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर. अय्यंगारांनी स्वतःच्या आणि मुधोळकरांच्या वतीने निकालपत्र लिहिलं, सुब्बारावांनी वेगळं. निकाल दोन विरुद्ध एक.

दोन्ही बाजूंनी इंग्रजी निवाड्यांची रास ओतली. त्यातला एक सांगायलाच हवा. १८९५ चा शेरास विरुद्ध डी रुटझेन. एका दारूच्या गुत्त्यात एक पोलीस शिपाई आला. ड्युटीवरच्या शिपायाला दारू देणं गुन्हा. ड्युटीवर असताना शिपाई दंडावर पट्टा बांधत. याने तो काढून ठेवला होता. गुत्तेवाल्याच्या मुलीने त्याला दारू दिली. वरच्या कोर्टाने गुत्तेवाल्याची शिक्षा रद्द केली. न्यायमूर्ती राइट यांनी तिथे सांगितलेला नियम आजही घोकला जातो : प्रत्येक गुन्ह्यात मेन्स रिया लागते असंच गृहीत धरायचं, आणि हे गृहीतक हटतं ते कायद्याच्या शब्दांनी किंवा विषयामुळे.

दुसरा आधार ताजा होता, प्रिव्ही कौन्सिलचा (ब्रिटिश वसाहतींसाठी लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) लिम चिन ऐक यांचा सिंगापूरचा खटला. एका माणसाला सिंगापुरात राहायला बंदी करणारा आदेश मंत्र्याने काढला, पण तो ना प्रसिद्ध केला, ना त्याला कळवला. कौन्सिलने त्याची शिक्षा रद्द केली. ज्याला कळण्याचा मार्गच नाही, त्याला शिक्षा करून कायदा कुठे जास्त पाळला जाणार, असा त्यामागचा रोख. जॉर्जच्या वकिलांनी हे हुकमाचं पान म्हणून टाकलं.

अय्यंगारांनी ते उलटवलं. तिथला आदेश एका माणसापुरता आणि फाइलमध्ये पडून राहिलेला होता. इथली अधिसूचना सर्वांसाठी आणि राजपत्रात छापलेली. आपल्या देशात कायदा जाहीर करायची जी रूढ पद्धत आहे, त्या पद्धतीने जाहीर झाला म्हणजे झाला. तो झुरिकला पोचायची वाट पाहायची नसते. आणि कायद्याचं अज्ञान ही सबब नव्हे. मग विषय : देशाची चलनाची तिजोरी वाचवण्यासाठी केलेला हा कायदा. त्याच्या कलमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द नाही. तो आपण घुसडला, तर प्रत्येक वाहक ‘मला माहीत नव्हतं’ म्हणेल आणि कलम कागदावरच राहील.

सुब्बारावांचं निकालपत्र पहिल्या परिच्छेदांतच जॉर्जचा उल्लेख जर्मन स्मगलर असा करतं, आणि तरीही त्याला सोडून द्यायला हवं या निष्कर्षाला येतं. मला यात न्यायाधीशाचा कस दिसतो. माणूस सज्जन नाही, हे त्यांनी झाकलं नाही. फक्त तो प्रश्न त्यांच्यापुढे नव्हता. त्यांचा मुद्दा असा की मनाचं गृहीतक वगळायचं तर तसं कायद्यातून अटळपणे निघायला हवं, आणि इथे निघत नाही. चोरटी आयात रोखायचा हेतू ‘माहीत असून आणलं’ असं वाचल्याने बुडत नाही.

बहुमताने अपील मंजूर झालं. जॉर्ज दोषी ठरला, पण शिक्षा जेवढी भोगून झाली तेवढ्यावरच आणली गेली. तत्त्व राज्याला मिळालं आणि आरोपी सुटला.

कुसळं आणि सोनं

आता माझं म्हणणं. ही केस ‘मेन्स रिया लागत नाही, त्याचं उदाहरण’ म्हणून नोट्समध्ये चिकटवली जाते. मला ते अर्धंमुर्धं वाटतं.

जॉर्जला दोन गोष्टी माहीत असायला हव्या होत्या असं म्हणता येईल : अंगावर सोनं आहे, आणि ते असं नेणं आता मना आहे. पहिली त्याला पुरेपूर माहीत होती. चौतीस किलो पाठीवर घेऊन बसलेल्याला ती पाठच आठवण करून देते. माहीत नव्हती ती दुसरी. पण दुसऱ्या गोष्टीचं अज्ञान म्हणजे वस्तुस्थितीचं अज्ञान नव्हे, कायद्याचं अज्ञान. मेन्स रियाचा बचाव सहसा पहिल्या जातीच्या अज्ञानाला असतो. गुत्तेवाल्याला शिपाई ड्युटीवर आहे हे ठाऊक नव्हतं. ड्युटीवरच्या शिपायाला दारू देणं गुन्हा आहे हे मात्र त्याला चांगलंच ठाऊक असणार. दोन्ही अज्ञानांची गल्लत झाली की जॉर्जचा खटला फार क्रूर वाटू लागतो किंवा फार सोपा.

यात सुब्बारावांच्या बाजूने एक गोष्ट म्हणायला हवी. ‘कायदा माहीत नव्हता चालणार नाही’ हे खून-चोरीबद्दल म्हणणं सोपं, कारण ते चूक आहे हे कुणी सांगावं लागत नाही. इथे कालपर्यंत मुभा होती आणि आज बंदी आली, तीही एका बँकेच्या अधिसूचनेने. अशा ठिकाणी ते वाक्य जरा जड पडतं.

पण माझ्या मते या निकालपत्राचा गाभा बहुमताच्या एका छोट्या ओळीत आहे, आणि नोट्समध्ये नेमकी तीच नसते. अय्यंगार म्हणतात की ‘आणणे’ या कल्पनेतच नकळत आणणं बसत नाही. एखाद्याच्या खिशात त्याला न कळता कुणी सोन्याची पुडी सरकवली, तर त्याने सोनं भारतात ‘आणलं’ नाही, असं म्हणणं मान्य होण्यासारखं आहे.

म्हणजे मेन्स रियाला पुढच्या दाराने हाकललं आणि ती क्रियापदातून आत आली. मराठी माणसाला हे चटकन कळावं. माळरानावरून चालत घरी आलं की धोतराला, साडीच्या काठाला कुसळं लागलेली असतात. आपण म्हणतो, कुसळं आली. कुसळं आणली, असं कुणी म्हणत नाही. ‘येणं’ आणि ‘आणणं’ यांच्यामध्ये जे आहे, तेच मन. ऑगस्टीनने जिभेमागे शोधलं, तेच अय्यंगारांनी क्रियापदात मान्य केलं. फक्त त्याला लॅटिन नाव दिलं नाही. जॉर्जची लगडी ‘आली’ नव्हती. ती २८ कप्पे शिवून ‘आणलेली’ होती.

पुढे

सुब्बारावांचं मत अल्पमतात फार दिवस राहिलं नाही. मार्च १९६५ मध्ये त्यांच्याच खंडपीठापुढे मध्य प्रदेशातल्या एका धान्य व्यापाऱ्याचं प्रकरण आलं, ‘नथुलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. त्याने परवान्यासाठी अर्ज केला होता, फी भरली होती, आपल्याला परवाना मिळणार या समजात धान्य साठवलं होतं. जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली मेन्स रिया लागते असं ठरलं आणि तो सुटला. जॉर्जचं निकालपत्र येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं.

मग संसदेची पाळी. १९६७ मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या शिक्षेच्या कलमात ‘जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा’ अशा अर्थाचे शब्द घातले गेले. त्यातल्या ‘अन्यथा’ने सगळं मन पुसून टाकलं. १९७४ मध्ये ते शब्द काढले आणि कलम १०-क आणलं : दोषी मनःस्थिती होती असं कोर्ट गृहीत धरेल, नव्हती हे आरोपीने सिद्ध करावं. अशीच सोय सीमाशुल्काच्या कायद्यात झाली आणि पुढे १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातही. मनाचा प्रश्न मिटवला नाही, तो शाबीत करायचं ओझं तेवढं आरोपीच्या डोक्यावर ठेवलं. ज्या कायद्याखाली जॉर्ज पकडला गेला, त्याची जागा आधी १९७३ च्या आणि मग १९९९ च्या कायद्याने घेतली. परकीय चलनाच्या बहुतेक चुका आता दंड भरून निस्तरायच्या झाल्या आहेत.

परीक्षेत हा खटला आला की उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य ठरलेलं असतं : ‘जॉर्ज प्रकरणात मेन्स रिया आवश्यक नाही असे ठरले.’ एवढंच लिहिणाऱ्याला मी दहापैकी पाच देतो. उरलेले पाच खिशात सरकवलेल्या पुडीसाठी राखून ठेवलेले असतात.